अनुभव धागा: घरातल्या सामानावर बसवलेले कार्यक्रमातले खेळ

वाढदिवस, बारसं, हळदीकुंकू, लग्नघरची आदली संध्याकाळ. विकतचं काही न आणता गावाकडच्या घरात जे असतं त्यावर कोणते खेळ जमतात? वस्तू, माप, अंतर आणि कुठे बिघडतं, हे नेमकं लिहा. नुसती नावं नकोत.

दर्यापूरकडून
भुलाबाईत, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणात, डबा वाजवून आतली खिरापत ओळखायला लावतात. ते कोजागिरीपर्यंतच का ठेवायचं? कोणत्याही बैठकीत हा खेळ रंगतो. एकाच मापाचे, घट्ट झाकणाचे पाच स्टीलचे डबे घ्या. प्रत्येक डबा तिसरा हिस्साच भरा. काठोकाठ भरला की आतला माल हलत नाही आणि आवाज मरतो. खारका, खडीसाखर, फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे असा क्रम ठेवा. खारका ठसठशीत वाजतात, मुरमुरे जेमतेम खसखसतात, म्हणून ते शेवटी. फुटाणे आणि शेंगदाणे लागोपाठ ठेवले की मोठी माणसंही फसतात, खरी मजा तिथेच आहे. डबा वाजवणारी बाई एकच असावी. सगळ्यांच्या हाती दिला तर वजनावरून ओळखतात, लेकरं झाकणही उघडतात. प्रश्न तीनच: गोड का खारं, शिजवलेलं का कोरडं, झाडावरचं का जमिनीतलं. ओळखणाऱ्याला त्याच डब्यातला खाऊ द्या. अगदी लहान लेकरांना मात्र फुटाणे-शेंगदाणे नकोत, घशात अडकतात.

वरूडकडून
लिंबू-चमच्याऐवजी संत्रं-पळी. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे निघतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून. बाजारात न चालणारी बारकी फळं दोन्ही वेळा घरी पडून असतात. निम्मं फळ काठाच्या वर राहील अशी पळी निवडा. वरणाच्या खोल पळीत संत्रं रुतून बसतं, मग शर्यतीत कस उरत नाही. झाऱ्यावर ते टिकतच नाही. सरळ आंगण असेल तर 10 मीटर, मध्ये उलटा गंज (पातेलं) ठेवून वळसा घालायला लावला तर 6 मीटर पुरे. पळीचा दांडा दातात धरायला लावू नका, लेकरू पडलं तर दांडा घशात जाईल. एका हातात पळी, दुसरा हात पाठीमागे.

पुसद तालुक्यातून
चुंबळ, म्हणजे डोक्यावर ओझ्याखाली घेतात ते कापडी कडं, तांब्यावर फेकायचा खेळ. जुन्या सुती लुगड्याचा पट्टा पिळून, गोल करून दोरीने चार जागी बांधा. आतली मोकळी जागा एक वीत. सिंथेटिक साडीची चुंबळ हलकी होते, हवेत भरकटते. पिळताना आत ओलं गोणपाट घातलं की वजन येतं. समोर रेती भरलेले तीन तांबे, एकमेकांपासून हातभर लांब. रिकामा तांब्या चुंबळ लागताच आडवा होतो आणि मग गुणांवरून वाद होतात. बारक्यांसाठी तीन पावलं, मोठ्यांसाठी पाच. प्रत्येकाला तीन फेकी. रेषा चुन्याने आखा. रांगोळी दोन गड्यांतच पुसली जाते.

आर्णीकडून
संगीत खुर्चीसाठी लाइटच्या भरवशावर राहू नका. थाळी आणि चमचा पुरे. वाजवणारा खेळणाऱ्यांकडे पाठ करून बसलाच पाहिजे, नाहीतर आपल्या माणसाकडे बघून थांबवल्याचा आरोप ठरलेला. फरशीवर प्लास्टिकच्या खुर्च्या सरकतात, त्यांचे पाय मुडपतात. त्याऐवजी गोणपाटाच्या चौकोनी घड्या टाका. युरियाचं पोतं नको, गुळगुळीत असतं, पाय घसरतो. बाद झालेल्याच्या हाती लगेच थाळी द्या. रिकामी बसलेली लेकरंच पुढचा खेळ बिघडवतात.

राळेगावहून, सगळ्यांसाठी
धान्य वेचण्याच्या खेळात पेरणीचं बियाणं कधीच घेऊ नका. लाल-गुलाबी रंगाचा हात दिलेलं बियाणं औषध लावलेलं असतं. नेम धरायला फवारणीच्या औषधाचे रिकामे डबेही नकोत, कितीही धुतले तरी नकोत. तेलाचे, बिस्किटांचे डबे चालतात.

दर्यापूरकडून, वरच्यावर
अगदी बरोबर. वेचायला तूर डाळ आणि हरभरा डाळ घेऊ नका, रंग जवळजवळ सारखा, रात्री दिव्यात काहीच दिसत नाही. तूर डाळ आणि हिरवे मूग बरे. प्रत्येकी एक मूठ, दोन वाट्या, एक मिनिट. खाली चादर अंथरा म्हणजे सांडलेलं परत गोळा होतं. चुकीच्या वाटीतल्या दाण्याला एक गुण वजा, नाहीतर मुठीनेच ओततात.

पवनीहून
क्रमाबद्दल. वीस लेकरं असतील तर दीड तासात चार खेळ बसतात, पाचवा कोंबू नका. उन्हाळ्यात आंगणातले खेळ ऊन उतरल्यावरच. आधी शर्यत, मग थाळी, मग चुंबळ, आणि पंगत मांडत असताना डब्यांचा बैठा खेळ. जेवणानंतर पळायचं काहीही ठेवू नका. शर्यतीत बारक्यांचा आणि मोठ्यांचा गट वेगळा करा. आजी-आजोबांना गुण मोजायला बसवा: बाजूला तुरीच्या दाण्यांची वाटी, दर गुणाला एक दाणा खेळाडूच्या नावाच्या द्रोणात. वहीवर लिहिलेले गुण लेकरांना दिसत नाहीत. द्रोणातले दाणे दिसतात, आणि भांडण निम्म्यावर येतं.