गाठ मॅमोग्राफीत साधी, बायोप्सीत मेटाप्लास्टिक?

सांजवेळ: मावशीच्या बायोप्सीत मेटाप्लास्टिक कार्सिनोमा (ब्रेस्ट कॅन्सरचा एक दुर्मिळ प्रकार) आलाय. मॅमोग्राफीत तर गाठ गोल, कडा बऱ्यापैकी स्वच्छ, कॅल्शियमचे ठिपके पण नाहीत, मग कॅन्सर कसा काय? कोणी रेडिओलॉजीवाले आहेत का?

एक्सरेवाला: हा प्रकार असाच फसवतो. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये 1 टक्क्याच्या आसपासच सापडतो, वाढतो मात्र भराभर, आणि नेहमीसारख्या काटेरी कडा असतीलच असं नाही, त्यामुळे कधीकधी चक्क कॅन्सर नसलेली साधी गाठ, म्हणजे फायब्रोअ‍ॅडिनोमा वाटतो. सोनोग्राफीत थोडं घट्ट थोडं पाणी असं मिक्स दिसू शकतं, कारण बऱ्याचदा मधला भाग मेलेला असतो. एमआरआयमध्ये टी2 वर (पाणी उजळ दाखवणाऱ्या फोटोंत) तो पांढरा चमकतो, कॉन्ट्रास्ट दिल्यावर कडेची रिंग उजळते. पण यातलं काहीच फक्त ह्याच कॅन्सरचं नाही हां, निदान बायोप्सीचंच.

सांजवेळ: काखेतल्या लिम्फच्या गाठी नॉर्मल म्हणाले, म्हणजे बरं ना?

खडूस_काकू: बरंच गं, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका, हा रक्तातून फुफ्फुसात वगैरे जाऊ शकतो, सीटी किंवा पेट स्कॅन सांगितलं तर करून घ्या. ईआर, पीआर, हर2 (गाठीच्या हार्मोन आणि प्रोटीनच्या टेस्ट) आले का? बहुतेकदा ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे तिन्ही निगेटिव्ह निघतो.