धूळ प्रकाश अडवते, मग म्हातारे तारे इन्फ्रारेडमध्ये जास्त का चमकतात?

रात्रपाळी: मीरासारख्या म्हाताऱ्या रूपविकारी (तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यांबद्दल वाचतोय, जिथे बघावं तिथे एकच वाक्य, भोवतीच्या धुळीमुळे इन्फ्रारेड जास्त येतं. पण धूळ प्रकाश अडवते ना? मग जास्तीचं येतं कुठून? आणि मीरा 332 दिवसांच्या चक्रात 3 प्रतीवरून (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) 9 च्या पुढे मंदावते तेही धुळीमुळेच का?

चिमूटभर_राख: अडवते म्हणजे गिळते, आणि गिळलेलं जाणार कुठे? कण तापतो आणि तीच ऊर्जा लांब तरंगलांबीवर बाहेर टाकतो. ढोबळ हिशोब सोपाय, 2900 ला केल्विनमधल्या तापमानाने भागा, सगळ्यांत जास्त प्रकाश कुठल्या तरंगलांबीवर येतो ते मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मिळतं. तारा 3000 केल्विनचा म्हणजे साधारण 1 मायक्रॉन, त्याच्याजवळची हजार केल्विनची धूळ 3 मायक्रॉन, लांब जाऊन 300 वर आलेली 10 मायक्रॉन.

मीराच्या चढउताराचं खापर मात्र धुळीवर फोडू नका. तारा आकुंचन-प्रसरण पावतो, थंड होतो तेव्हा वातावरणात टायटॅनियम ऑक्साइड वाढतं आणि ते दिसणारा प्रकाश खाऊन टाकतं. 2.2 मायक्रॉनला बघितलं तर फरक जेमतेम एखाद्या प्रतीचा! मी पण बरीच वर्षं धुळीलाच दोष देत होतो.

दहा_मायक्रॉन: वरच्याशी सहमत, एक भर घालतो. या स्पंदनांमुळेच वायू वर उचलला जातो, तिथे गार होऊन कण गोठतात, मग ताऱ्याचा प्रकाश त्या कणांना ढकलतो आणि कण जाताना वायूलाही ओढत नेतात. धूळ कसली ते स्पेक्ट्रमवरून, म्हणजे कुठल्या तरंगलांबीवर किती प्रकाश येतो त्या आलेखावरून कळतं. ऑक्सिजन जास्त असेल तर सिलिकेट (वाळू-दगडांसारखी खनिजं), 9.7 आणि 18 मायक्रॉनला उंचवटे. कार्बन जास्त असेल तर काजळी, आणि सिलिकॉन कार्बाइडचा 11.3 च्या आसपास.

सिंह राशीतला सीडब्ल्यू लिओनिस बघा, कार्बनवाला. साध्या प्रकाशात अगदीच अंधुक, पण 5 मायक्रॉनला सूर्यमालेबाहेरच्या सगळ्यांत तेजस्वी वस्तूंपैकी एक. असे गुदमरलेले तारे 1983 च्या आयरास उपग्रहाने ढिगाने दाखवले, 12, 25, 60 आणि 100 मायक्रॉनमध्ये आकाश बघून.

रात्रपाळी: ओके, डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे धूळ जितकी जाड तितका 9.7 चा उंचवटा मोठा?

दहा_मायक्रॉन: काही हद्दीपर्यंतच. आवरण फारच जाड झालं की बाहेरची गार धूळ आतल्या धुळीचंच 9.7 गिळते, आणि उंचवट्याच्या जागी खड्डा दिसतो.