मदत हवी आहे: फिलामेंटमधून हबमध्ये किती गॅस जातो? आकडा पटत नाही

धागाकर्ता:
महाकाय रेण्वीय ढगातल्या एका फिलामेंटचा (गॅसच्या लांब धाग्याचा) एन2एच+ (1-0) नकाशा, म्हणजे दाट गॅसमधल्या या आयनाच्या रेडिओ रेषेचा नकाशा, हाताशी आहे. फिलामेंट हबला, म्हणजे तारे बनणाऱ्या दाट गाठीला, जोडलेलं आहे. लांबी 3 पार्सेक, धुळीवरून काढलेलं वस्तुमान 500 सूर्य. मोमेंट-1 नकाशात (प्रत्येक बिंदूवरचा तीव्रतेनुसार सरासरी वेग) हबकडे जाताना वेग दर पार्सेकला 0.7 किमी/से. बदलतो. कल (फिलामेंटचा आकाशाच्या प्रतलाशी कोन) 45 अंश धरला तर वस्तुमान गुणिले वेगाचा उतार भागिले टॅन(कल) या सूत्राने दहा लाख वर्षांत सुमारे 360 सूर्यांइतका गॅस हबमध्ये जातो. सर्पेन्स साउथ या तारे बनणाऱ्या भागात हाच आकडा 28 आहे. कुठे चुकतंय?

रोहिणी:
सर्पेन्स साउथ सोडा, तिथे हलके तारे बनतायत. एसडीसी335 बघा: 5500 सूर्यांचा ढग, आल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या 2013 च्या निकालात मध्यभागी वर्षाला 0.0025 सूर्य पडतोय, म्हणजे दहा लाख वर्षांत 2500. तेव्हा 360 अशक्य नाही. शंका आहे ती मोमेंट-1 ची.

एन2एच+ (1-0) ही एक रेषा नाही, सात हायपरफाईन रेषा (एकाच रेषेच्या जवळजवळच्या फाटलेल्या उपरेषा) आहेत. रुंद रेषांत त्यांचे तीन गट दिसतात. हब तेजस्वी, तिथे तिन्ही गट नॉइजच्या वर येतात. फिलामेंटच्या फिकट टोकाला फक्त मधला गट उरतो. तिन्ही गटांची सरासरी मधल्या गटापेक्षा साधारण 1 किमी/से. सरकलेली असते, त्यामुळे गॅस स्थिर असला तरी नकाशात छान उतार उमटतो! सातही रेषा एकत्र फिट करा (क्लास या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एचएफएस पद्धत आहे, किंवा पायथॉनचं पायस्पेककिट), नाहीतर 93.176 गिगाहर्ट्झची सुटी रेषाच घ्या. ती मुख्य रेषेच्या निळ्या (कमी वेगाच्या) बाजूला 8 किमी/से. वर असते.

ध्रुवमत्स्य:
कलाचंही बघा. सूत्रात भागिले टॅन आहे: 20 अंशांना तुमचे 360 होतात 980, 70 अंशांना 130. एकच आकडा न देता पट्टा द्या.
आणि उतार खरा निघाला तरी गॅस आतच चाललाय हे त्यातून ठरत नाही. निळं सरकलेलं (हबच्या तुलनेत आपल्याकडे येणारं) टोक हबच्या पलीकडे असेल तर गॅस आत येतोय, अलीकडे असेल तर बाहेर. हबवर एचसीओ+ (1-0) ही दुसऱ्या आयनाची अपारदर्शक रेषा घ्या. तिच्या दोन शिखरांतलं निळं उंच आणि एन2एच+ चं शिखर बरोबर त्यांच्यामधल्या खाचेत आलं, तर निदान हबमध्ये गॅस कोसळतोय असं म्हणता येईल.

धागाकर्ता:
500 मध्ये हबही धरलाय. चालेल?

रोहिणी:
अजिबात नाही. जे भरायचंय तेच भरणाऱ्यात मोजताय. हबच्या कडेशी मास्क लावून हब वगळा, आजूबाजूच्या विरळ ढगाची पार्श्वभूमी वजा करा, मग वस्तुमान काढा. धुळीच्या अपारदर्शकतेमुळे दुपटीचा फरक तरीही राहील, तो त्रुटीत धरा.