शिवणकारखान्यांच्या इमारतीत राहायला आलेल्यांवर त्या धंद्याचे काही देणे आहे का?

काजेबटण (धागाकर्ता)

न्यूयॉर्कच्या गारमेंट डिस्ट्रिक्टमध्ये, एकेकाळी तळापासून छतापर्यंत कपड्यांचे कारखाने असलेल्या इमारतीत मी भाड्याने राहतो. वरचे मजले आता निवासी आहेत. दुसऱ्या मजल्यावर मात्र कापडाला चुण्या पाडून देणारा एक छोटा कारखाना अजून चालतो. जाड पुठ्ठ्याच्या दोन घडीदार साच्यांमध्ये कापड अंथरायचे, साचा मिटून घट्ट बांधायचा आणि वाफेच्या कपाटात ठेवायचा, असे ते काम. सकाळी मालाची लिफ्ट खडखडू लागते, म्हणून या कारखान्याचा भाडेकरार पुढे वाढवू नये असे पत्र मालकाला द्यावे, असा प्रस्ताव रहिवाशांच्या बैठकीत आला आहे.

माझा त्याला विरोध आहे. 1987च्या नियमानुसार इथल्या आतल्या रस्त्यांवरील इमारतींत कारखान्याच्या जागेचे कार्यालय करायचे असेल, तर तितकीच जागा उत्पादनासाठी राखावी लागत असे. 2018च्या अखेरीस शहराने ही अट काढून टाकली आणि तिच्या जागी, स्वखुशीने जागा राखणाऱ्या मालकांना करसवलत देऊ केली. म्हणजे कारखाना टिकणे आता बरेचसे मालकाच्या मर्जीवर आहे, आणि मालक ज्यांचे ऐकतो ते भाडेकरू आपण आहोत. उंच छत, रुंद खिडक्या आणि ‘या भागाला इतिहास आहे’ हे वाक्य यांसाठी जास्त भाडे मोजायचे आणि तोच इतिहास सकाळी आवाज करतो म्हणून त्याला हुसकायचे, हे मला पटत नाही.

वाटसरू

आपल्या भावनेचा आदर ठेवून असहमती नोंदवतो. 1987चा नियम तीस वर्षे होता आणि त्या तीस वर्षांतही कारखाने कमी होतच राहिले, कारण शिवणकाम स्वस्त मजुरीच्या देशांकडे गेले. ते मॅनहॅटनमधला कोणताही जागावापराचा नियम परत आणू शकत नव्हता. पुष्कळ मालकांनी तो पाळलाही नाही. कागदावर कारखाना आणि प्रत्यक्षात कार्यालय, अशी स्थिती असेल तर नियम काढणे हाच प्रामाणिकपणा होता.

दुसरे म्हणजे, हा धंदा तरी या जागेचा मूळ रहिवासी कुठे होता? 1916 च्या सुमारास फिफ्थ ॲव्हेन्यूच्या बड्या दुकानदारांना दुपारच्या सुट्टीत फुटपाथवर येणारी कामगारांची गर्दी नको होती. त्यांनी मोहीम चालवली, त्याच वर्षी शहराचा जागावापराचा पहिला व्यापक कायदा आला आणि कारखाने पश्चिमेकडे सातव्या ॲव्हेन्यूच्या बाजूला सरकले. एका हकालपट्टीतून वसलेल्या भागात पुढच्या प्रत्येक बदलाला अन्याय म्हणणे अतिशयोक्तीचे वाटते. शिवाय घरात झोप मिळावी ही अपेक्षा चैनीची नाही.

टाचणी

धागाकर्त्यांनी उंच छतांचा उल्लेख केला म्हणून लिहितो. त्या काळी कारखान्यात माणशी किमान 250 घनफूट हवा असावी असा नियम होता. मोजमाप घनफुटांत असल्यामुळे छत जितके उंच, तितके जास्त कामगार त्याच जमिनीवर कायदेशीरपणे दाटीने बसवता येत. आज दलाल ज्याला ‘ऐसपैस’ म्हणून दाखवतात ती उंची अशी आली.

25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कमधल्याच ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली, तेव्हा आठव्या ते दहाव्या मजल्यांवर काम चालू होते, बाहेर पडण्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता आणि अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होत्या. 146 कामगार मेले, त्यांत बहुतेक ज्यू आणि इटालियन तरुण मुली होत्या. खटल्यात दोन्ही मालक निर्दोष सुटले. ती इमारत आजही उभी आहे, तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात आणि मृतांच्या नावांचे स्मारक 2023मध्ये झाले. ‘तो इतिहास जपू या’ म्हणताना नक्की काय जपायचे, हे कृपया स्पष्ट करावे.

काजेबटण

टाचणी, प्रश्न योग्य आहे. मला कामगारांची पिळवणूक करणारे कारखाने जपायचे नाहीत. त्या आगीनंतरच कारखान्यांच्या सुरक्षेचे कायदे बदलले आणि कामगार संघटना बळकट झाली, म्हणजे इतिहासाचा तोही भाग आहेच.

वाटसरू, आपल्या मुद्द्यातूनच माझे म्हणणे सिद्ध होते असे मला वाटते. 1916 मध्ये दुकानदारांची गैरसोय होत होती आणि कायदा त्यांच्या बाजूने वळला. मॅनहॅटनमधल्याच सोहो या भागात 1963 साली चेस्टर रॅपकिन या नियोजनतज्ज्ञांनी अहवालात दाखवून दिले होते की तिथल्या कारखान्यांवर मुख्यतः प्वेर्तोरिकन आणि कृष्णवर्णीय कामगारांच्या नोकऱ्या अवलंबून आहेत. तरीही 1971मध्ये कायदा सैल झाला तो तिथे बेकायदा राहणाऱ्या कलाकारांसाठी. पुढे 1982च्या लॉफ्ट (कारखान्यांचे मोकळे मजले) कायद्याने अशा इतर इमारतींतील भाडेकरूंनाही संरक्षण दिले. ते चुकीचे होते असे मी म्हणत नाही. त्याच कायद्यामुळे मालकांना त्या इमारती राहण्यासाठी सुरक्षित कराव्या लागल्या. पण राहणाऱ्यासाठी कायदा आणि शिवणाऱ्यासाठी ऐच्छिक सवलत, हा फरक सहज घडलेला नाही.

उसवण

सगळेच इमारतींविषयी बोलत आहेत; कामगार राहत कुठे, हे कोणी विचारलेले नाही. याच भागाच्या दक्षिणेला पेन साऊथ ही सहकारी वसाहत आहे. महिलांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने ती 1962 मध्ये उभी केली, घरे 2,820. कामावर चालत जाता यावे, हा हेतू. तिथले घर बाजारभावाने विकता येत नाही आणि ही अट काढायची का, यावर मतदान झाले तेव्हा सभासदांनीच ती कायम ठेवली. कारखाने उठले तरी मध्यम उत्पन्नाची माणसे अजून तिथे राहतात. यंत्रे वाचवण्याऐवजी संघटनेने जमीन घेतली, आणि टिकली तीच.

वाटसरू

पेन साऊथचे उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. तिथे खर्च कामगारांच्या संघटनेने आणि सभासदांनी उचलला आणि त्याला शहराने करसवलतीची जोड दिली. शेजारच्या इमारतीतल्या भाडेकरूंच्या झोपेवर तो टाकला नाही. कारखाना टिकवणे सर्वांच्या हिताचे असेल, तर त्याची किंमत सर्वांनी करांतून द्यावी.

काजेबटण

तत्त्व मान्य. मात्र करसवलत घ्यायची की नाही हे मालक ठरवणार, आणि आमच्या मालकाने ती घेतलेली नाही. म्हणून पुढच्या बैठकीत मी दुरुस्ती सुचवणार आहे: मालाची लिफ्ट आठच्या आधी चालू नये, तिच्या रुळांना आवाज शोषणारे पॅड लावण्याचा खर्च मालकाने आणि रहिवाशांनी अर्धा-अर्धा करावा, आणि भाडेकराराविषयीचे वाक्य पत्रातून वगळावे. कारखान्याच्या चालकांशी बोललो. आठची वेळ त्यांना चालते, फक्त फॅशन वीकच्या आधीचे काही दिवस सोडून.

टाचणी

त्या काही दिवसांचेही पत्रात आधीच लिहून घ्या, नाहीतर वाद नेमका तेव्हाच होईल.