घरच्या व्यवसायात पगार आणि कामाची मर्यादा कशी ठरवावी?

प्रश्न

काकांच्या व्यवसायात मी हिशेब पाहते. सुरुवातीला तेवढेच ठरले होते. पुढे खरेदी, वसुली आणि कामगारांच्या पाळ्या लावणे हेही माझ्याकडे आले, पगार मात्र जुनाच राहिला. विषय काढला की ‘उद्या हे सगळे तुम्हा मुलांचेच आहे’ असे उत्तर मिळते. संबंध न बिघडवता हे बोलणे कसे करावे?

प्रतिसाद १

उद्याची मालकी आणि आजच्या कामाचा मोबदला या वेगळ्या गोष्टी आहेत. मालकीत खरोखरच वाटा द्यायचा असेल, तर तो भागीदारीपत्रात लिहिता येतो; तसे काही लिहिलेले नसताना आज कमी पगार घेणे म्हणजे तोंडी आश्वासनाच्या भरवशावर उधारीने राबणे आहे. बोलण्यापूर्वी महिनाभर कोणत्या कामाला किती वेळ लागतो याची नोंद ठेवा आणि तीच कामे बाहेरच्या माणसाला दिल्यास काय द्यावे लागेल, याची चौकशी करा. तक्रारीपेक्षा असा आकडा मालकाला लवकर पटतो.

प्रतिसाद २

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण माझा भाचा माझ्याकडे नोकरीला आहे. हिशेब तुमच्याच हाती असल्याने किती वाढ झेपेल हे तुम्हाला ठाऊक असणार. एकदम झेपत नसेल तर टप्प्याटप्प्याने मागा, पण टप्प्यांच्या तारखा कागदावर येऊ द्या. हा विषय जेवणाच्या पानावर किंवा चारचौघांत मात्र काढू नका, तिथे काका मालक नसतात, घरातले वडीलधारे असतात. पगार बँकेत जमा व्हावा, असाही आग्रह धरा. पुढे कर्ज घेताना किंवा नोकरी बदलताना तोच पुरावा उपयोगी पडतो.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. एक सांगायचे राहिले: मी त्यांच्याच घरी राहते आणि राहण्या-जेवणाचा खर्च ते पगारातच धरतात.

प्रतिसाद १

धरू द्या, परंतु त्याची रक्कम ठरवून पगारापासून वेगळी दाखवायला सांगा. तुम्ही केवळ हिशेब पाहत होता तेव्हाही राहणे-जेवण तेच होते, त्यामुळे नंतर वाढलेल्या कामाचा मोबदला त्यातून फिटत नाही. वाढ देणे अशक्यच असेल, तर वसुली आणि पाळ्यांचे काम कोणत्या तारखेपासून दुसऱ्याकडे जाईल, हे त्याच बैठकीत विचारा.