बाईची पोटरी दुखली की लगेच गुडघाच का?

मूळ धागा
मंडईचा चढ चढताना माझ्या मावशीची पोटरी आवळायची. दोन मिनिटं थांबली की मोकळी. दीड वर्ष ‘गुडघे झिजलेत, वजन कमी करा’ एवढंच ऐकलं, कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या. बोट काळं पडल्यावर एका सर्जननी मोजा काढायला लावून पावलावर दोन बोटं ठेवली. नाडी लागत नव्हती. पायाच्या धमन्या तुंबलेल्या. विड्या ओढणाऱ्या पुरुषांचा आजार हे इतकं पक्कं बसलंय, की बाईचा पाय कुणी बघतच नाही. (मावशी वर्षानुवर्षं मिश्री लावते, तेही कुणी विचारलं नाही.)

अमेरिकेत कृष्णवर्णीयांचं हेच. हृदयरोगतज्ज्ञ फोलुसो फाकोरेडे २०१५ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या बोलिव्हर काउंटीत गेले, तर धमनी कुठे तुंबलीय हे दाखवणारी अँजिओग्राफीही न करता पाय कापलेले रुग्ण त्यांना भेटत गेले. हा भेदभाव नाही तर काय?

प्रतिसाद १
मी मधुमेहाची ओपीडी चालवतो. मावशींचं ऐकून वाईट वाटलं, पण ‘भेदभाव’ पटत नाही. बायकांच्या धमन्या मुळात बारीक, आणि अनेकींना पोटरीत नेमकं दुखतच नाही, नुसता जडपणा वाटतो. निदान अवघड आहे. मिसिसिपीत मधुमेह जास्त, तज्ज्ञ लांब. सरसकट तपासणीचं म्हणाल, तर लक्षणं नसलेल्यांत फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलानं (कुठल्या तपासण्या कराव्यात हे सुचवणारा तज्ज्ञांचा गट) २०१८ मध्ये सांगितलंय. पायाच्या धमन्या उघडणाऱ्या अनावश्यक अँजिओप्लास्टीचं पेवही अमेरिकेतच फुटलंय.

प्रतिसाद २
अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या पाहणीत मधुमेह, धूम्रपान, रक्तदाब हिशेबात धरूनही कृष्णवर्णीयांत या आजाराचं प्रमाण जास्तच निघालं. मी न्यू जर्सीत नर्स आहे. काळ्या कातडीवर पाय फिका पडलेला किंवा लाल झालेला चटकन दिसत नाही. आम्हाला शिकवताना चित्रं मात्र गोऱ्या पायांची. आता मी हात लावून बघते, एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का.

धागाकर्ती
डॉक्टर, सरसकट तपासणी मी मागितलीच नाही. मावशीला लक्षण होतं! घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, ०.९० च्या खाली आला की संशय घ्यायचा. आणि निदान अवघड, तर पाय जास्त बघायचा की कमी?

प्रतिसाद १
मधुमेहात धमन्या कडक होऊन तो आकडा फसवा, चांगला येतो. मग पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो, ते यंत्र माझ्याकडे नाही. नाडी बघायला काही लागत नाही, हे मान्य. पण रोज ऐंशी रुग्ण, आणि एका आजींना मोजे काढून घालायला चार मिनिटं. ती कुठून आणू?

धागाकर्ती
बाहेर बाकावर नंबर लागेपर्यंत तासभर बसतातच ना? तिथेच काढून ठेवायला सांगा.