मदत हवी आहे: ‘समाधानी राहायला शिकलो’ म्हणजे नेमकं काय?

सर्वांना ख्रिस्तात सलाम. येत्या गुरुवारी घरगुती प्रार्थनासभेत बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्र 4:10-13 वर मला पंधरा मिनिटं बोलायचंय; आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो, असं प्रेषित पौल तिथे म्हणतो. ऐकणार दहा-बारा बायका, बहुतेक रोजंदारीवरून थेट येणाऱ्या.

पौलाने हे बंदिवासातून लिहिलं आणि तो ‘शिकलो’ म्हणतो, म्हणजे हे उपजत नव्हतं, इथवर जमलंय. सोबत जुन्या करारातलं हबक्कूक 3:17-18 घेतलंय: अंजीर फुललं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी परमेश्वराठायी आनंद. दुष्काळ आमच्याकडे समजावून सांगावा लागत नाही. (13वं वचन, सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्वकाही करू शकतो, म्हणजे परीक्षेच्या पॅडवरचं स्टिकर झालंय, त्यावर फार थांबणार नाही.)

अडलंय पुढे. मागच्या सभेत एक मावशी म्हणाल्या, “मुकादम रोजाचे पैसे बुडवतो, तेव्हाबी समाधानीच ऱ्हायाचं का गं?” मी गप्प. 14व्या वचनात पौल संकटाला संकटच म्हणतो आणि मदत केली हे बरं केलंत असंही सांगतो, हे दिसतंय. पण तेवढ्याने मावशींचं उत्तर होत नाही. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, प्रार्थना करा. ती चालूच आहे.

इंग्रजी भाष्यं कृपया सुचवू नका, मराठी बायबलातला उताराच हवा. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते, ते याकोबाच्या पत्रातलं 5:4 मी जोडू का? की त्याने पौलाचा मुद्दाच बाजूला पडेल?